जबडा सरकला, ओठाचं काय?

पडद्यावर कवटी फिरत असते. सर्जन माउसने खालच्या जबड्यावर रेघ मारतो, अक्कलदाढेच्या आसपास हाड दोन्ही बाजूंनी उभं चिरतो आणि दातांसकट पुढचा भाग पाच मिलिमीटर मागे ओढतो. त्याबरोबर कवटीवर चढवलेली कातडीही हलते. हनुवटी आत जाते, खालचा ओठ वरच्या ओठाच्या मागे बसतो. शेजारच्या खुर्च्यांवर कॉलेजात जाणारी मुलगी आणि तिची आई. आई विचारते, "डॉक्टर, म्हणजे अशीच दिसणार ना ही?" प्रामाणिक उत्तर 'बरीचशी' असं आहे. किती, चेहऱ्याच्या कोणत्या भागात आणि किती महिन्यांनी, हे मात्र पडदा आपणहून सांगत नाही.

या शस्त्रक्रियेला ऑर्थोग्नॅथिक सर्जरी म्हणतात. खालचा जबडा पुढे वाढलेला, वरचा मागे राहिलेला, हसताना दातांपेक्षा हिरडीच जास्त दिसते, हनुवटी एका बाजूला गेलेली, पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत, अशा तक्रारींसाठी ती करतात. नुसत्या तारा लावून हे सुटत नाही, कारण दोष दातांत नसून हाडांत असतो. तरी तारा लागतातच, बहुधा वर्ष-दीड वर्ष आधीपासून. गंमत अशी की या काळात चेहरा सुधारण्याऐवजी बिघडत चालल्यासारखा वाटतो. जबड्यांतला फरक झाकण्यासाठी दात वर्षानुवर्षं आपसूक कलंडलेले असतात; ते सरळ केले की फरक उघडा पडतो. नेमक्या याच दिवसांत 'नंतर कशी दिसेन' या चित्राची ओढ सगळ्यात जास्त असते. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली असेल तर विचारूच नका.

जबडा कापून सरकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत व्हीलिंग या गावी सायमन हलिहेन यांनी, भाजल्यामुळे वाढून वाकडा झालेला खालचा जबडा दुरुस्त केल्याची हकिगत १८४९ मध्येच छापली होती. पण आजच्या पद्धतीचा पाया घातला तो झुरिकच्या ह्यूगो ओब्वेगेसर यांनी. रिशार्ड ट्राउनर यांच्याबरोबर १९५७ मध्ये त्यांनी खालचा जबडा तोंडाच्या आतून, बाहेर व्रण न ठेवता उभा चिरण्याची रीत मांडली. वरचा जबडा पूर्ण सुटा करून हवा तिथे बसवण्याचं तंत्र त्यांनी साठच्या दशकात रुळवलं, आणि १९७० च्या सुमारास दोन्ही जबडे एकाच वेळी. त्या काळी हाडं तारेने बांधून तोंड काही आठवडे मिटून ठेवावं लागे. टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू आल्यावर हाड जिथे ठेवलं तिथे राहू लागलं, आणि भाकिताला अर्थ आला तो तिथून. हाडच जागेवर राहणार नसेल तर त्यावरच्या चेहऱ्याचं भविष्य कोण सांगणार?

सुरुवातीचं भाकीत कागदावरचं होतं. १९३१ मध्ये क्लीव्हलंडच्या ब्रॉडबेंट यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत होफ्राथ यांनी, डोकं ठराविक अंतरावर पक्कं धरून बाजूने एक्स-रे काढण्याची पद्धत बसवली. या सेफॅलोग्रॅमवर पारदर्शक कागद ठेवून हाडं, दात, नाक, ओठ, हनुवटी गिरवायची. जबड्याचा तुकडा दुसऱ्या कागदावर उतरवून सरकवायचा. मग त्वचेची रेघ ठरलेल्या प्रमाणात पुढेमागे काढायची. हनुवटीची त्वचा हाडाबरोबर जवळजवळ एकास एक जाते. खालचा ओठ जबड्याच्या हालचालीच्या साधारण दोन तृतीयांश सरकतो. वरचा जबडा पुढे आणला तर वरचा ओठ निम्म्या ते दोन तृतीयांशावर रेंगाळतो, वर थोडा पातळ होतो, नाकाचं टोक किंचित उचललं जातं आणि नाकपुड्या रुंदावतात.

हे सगळे आकडे सरासरीचे. पातळ ओठ हाडामागे निमूट जातो, जाड ओठ बरीच हालचाल स्वतःतच जिरवून टाकतो. तरी ऑर्थोडॉन्टिस्टांच्या दोन पिढ्या या प्रमाणांवर चालल्या, आणि पुढे जे प्रोग्रॅम आले त्यांच्या पोटातही बराच काळ हीच प्रमाणं होती.

ऐंशीच्या दशकापासून डेंटोफेशियल प्लॅनर, क्विक सेफ, मग डॉल्फिन असे प्रोग्रॅम आले. एक्स-रेवर रुग्णाचा बाजूने काढलेला फोटो चढवायचा, हाड सरकवलं की फोटो त्या मापाने ताणायचा किंवा आक्रसायचा. रेघोट्यांच्या जागी माणसाचा चेहरा दिसू लागला, आणि रुग्ण पहिल्यांदाच या बोलण्यात सामील झाला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, विल्यम प्रॉफिट यांच्या विभागातून, २००४ मध्ये अशा पाच प्रोग्रॅमांची मुद्दाम अवघड केसेसवर तुलना प्रसिद्ध झाली. त्यात डेंटोफेशियल प्लॅनर सरस ठरला, पण ओठांच्या बाबतीत डोळे झाकून विश्वास ठेवावा असा एकही नव्हता.

या काळातली एक उणीव मला आकड्यांच्या चुकांपेक्षा मोठी वाटते. भाकीत बाजूने दाखवलं जायचं, आणि आपला चेहरा बाजूने आपण कधी बघतो? आरशात समोरून बघतो, मोबाइलच्या सेल्फीत अगदी जवळून बघतो आणि त्यात नाक आहे त्याहून मोठं येतं. डॉक्टरांनी दाखवलेलं ते बाजूचं चित्र रुग्णाच्या दृष्टीने एका अनोळखी माणसाचं चित्र होतं. तिरप्या जबड्याच्या रुग्णाला तर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता, कारण त्याचा दोष समोरूनच दिसतो.

ही उणीव भरून निघाली ती त्रिमितीमुळे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इटलीत व्हेरोना इथे दंतवैद्यकासाठी कोन-बीम सीटीचं यंत्र तयार झालं. नेहमीच्या सीटीपेक्षा किरणोत्सर्ग कमी, आणि रुग्ण बसून किंवा उभ्यानेही स्कॅन होतो. दातांवरच्या धातूच्या ब्रॅकेटमुळे प्रतिमेत चकाकीचे पट्टे उमटतात, म्हणून दातांचा वेगळा स्कॅन घेऊन तो कवटीवर बसवतात. वरून चेहऱ्याचा त्रिमितीय फोटो. ह्यूस्टनमध्ये जेम्स शिआ आणि हैमे गातेनो, बेल्जियममधल्या ब्रुजमध्ये ग्वेन स्वेनन अशा मंडळींनी यातून संपूर्ण नियोजनाची शिस्त घडवली.

त्याआधी हेच काम प्लास्टरवर चालायचं. दातांचं माप घेऊन केलेले साचे आर्टिक्युलेटर या, जबड्याच्या सांध्याची नक्कल करणाऱ्या उपकरणावर चढवायचे, पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, छोट्या करवतीने प्लास्टर कापायचं, हवं तितकं सरकवून मेणाने चिकटवायचं आणि त्यावरून अॅक्रिलिकची स्प्लिंट घडवायची. ऑपरेशनमध्ये दोन्ही जबडे या स्प्लिंटमध्ये बसवले की जागा ठरली. ज्युनियर डॉक्टरची आख्खी संध्याकाळ, कधी रात्रही, यात जाई, आणि प्रत्येक पायरीवर अर्धा-एक मिलिमीटर निसटे. आता स्प्लिंट संगणकात आखली जाते आणि थ्रीडी प्रिंटरवर छापली जाते. पुढची पायरी म्हणजे रुग्णाच्या मापाच्या टायटॅनियमच्या पट्ट्या; त्यांनी स्प्लिंटचीही गरज कमी केली.

हाडांपुरतं बोलायचं तर ही गोष्ट यशाची आहे. ठरवलेली जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांत दोन मिलिमीटर आणि चार अंशांपर्यंतचा फरक चालतो, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे, आणि सरासरीने पाहिलं तर चांगल्या केंद्रांतले निकाल त्याच्या आतच असतात. संगणकाने केलेलं नियोजन चेहरा तिरपा असलेल्या केसेसमध्ये जुन्या पद्धतीपेक्षा निर्विवाद उजवं आहे. साध्या केसेसमध्ये कुशल हातांच्या प्लास्टरपेक्षा ते फार पुढे आहे असं मात्र ठामपणे म्हणवत नाही.

प्रश्न त्वचेचा आहे. गादी सरकवली की वरची चादर सगळीकडे सारखी सरकत नाही, तसंच हे. संगणकाला ते शिकवण्याचे प्रयत्न नव्वदच्या दशकात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाले. पहिल्या प्रकारात त्वचा, चरबी, स्नायू म्हणजे बारीक स्प्रिंगांनी जोडलेले बिंदू मानले. गणित झटपट होई, पण मांसाची खरी लवचीकता त्यात उतरत नसे. दुसऱ्या प्रकारात चेहऱ्याचे लाखभर सूक्ष्म तुकडे करून प्रत्येकाचा ताण मोजला. हे भौतिकशास्त्राला धरून, पण वेळखाऊ. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या संशोधकांनी दोन्हींच्या मधला मार्ग चेहऱ्यासाठी वापरात आणला. पुढे व्यापारी प्रोग्रॅमांत तो आणि त्याचे भाऊबंद शिरले. काही लोकप्रिय प्रोग्रॅम मात्र आजही ठराविक खुणांच्या आधारे फोटो ताणण्याचंच काम करतात, फक्त त्रिमितीत. रुग्णाला दोन्ही चित्रं सारखीच गुळगुळीत दिसतात. कोणाच्या मागे मांसाचं गणित आहे आणि कोणाच्या मागे नुसता ताण, हे वरून कळत नाही.

आणि गणित कितीही चांगलं असलं तरी स्कॅनच्या क्षणी चेहरा कसा होता यावर सगळं अवलंबून. लांबट चेहऱ्याच्या रुग्णाचे ओठ सहज मिटत नाहीत. स्कॅन काढताना "तोंड मिटा" म्हटलं की तो हनुवटीचा स्नायू आवळून ओठ मिटवतो, हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडतात. संगणक बिचारा तो आवळलेला स्नायू हीच रुग्णाची ठेवण समजतो आणि ऑपरेशननंतरच्या चेहऱ्यावरही तो ताण तसाच नेऊन ठेवतो. प्रत्यक्षात जबडा वर गेल्यावर ओठ आरामात मिटतात आणि हनुवटी सैल होते. काही यंत्रांत डोकं स्थिर राहावं म्हणून हनुवटीखाली टेकू असतो. त्याने हनुवटीच दबते. आडवं झोपवून सीटी काढला तर गाल कानांकडे ओघळतात. ब्रॅकेटची जाडी ओठांना आतून पुढे ढकलते, आणि ते ब्रॅकेट भाकितात कायमचे राहून जातात. अनुभवी टीम स्कॅनआधी दोन मिनिटं रुग्णाला गप्पा मारायला लावते, ओठ सैल सोडायला सांगते, खात्री करून मग बटण दाबते. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीपेक्षा या दोन मिनिटांचं मोल मला जास्त वाटतं.

त्यात सर्जनचा टाका. वरचा जबडा सरकवताना ओठाच्या आतली त्वचा आणि स्नायू उचलावे लागतात. शेवटी ते कसे शिवले यावर ओठाची लांबी आणि जाडी ठरते. नाकपुड्या पसरू नयेत म्हणून त्यांच्या बुडाशी आतून एक आवळणारा टाका घालतात. तो किती आवळला हे कुठल्याही प्रोग्रॅमच्या खिडकीत भरायची सोय नसते. म्हणूनच जवळजवळ प्रत्येक अभ्यासात कपाळ, गाल, नाकाचा दांडा यांचं भाकीत बरं येतं आणि ओठांशी, विशेषतः खालच्या ओठाशी, घोडं अडतं.

आता अचूकतेच्या दाव्यांबद्दल. 'सरासरी चूक एक मिलिमीटरपेक्षा कमी' असं वाक्य माहितीपत्रकांत आणि शोधनिबंधांत सर्रास दिसतं. ते खोटं नसतं. पण सरासरी कशाची? संपूर्ण चेहऱ्याची काढली तर त्यात कपाळ आणि डोळ्यांचा भाग येतो, जो शस्त्रक्रियेत हललेलाच नाही. तिथली चूक शून्याच्या जवळ असणारच, आणि ती ओठाची तीन मिलिमीटरची चूक झाकून टाकते. कुठे भाकीत पुढे गेलेलं असतं, कुठे मागे. अधिक-उणे चिन्हं तशीच ठेवून बेरीज केली तर चुका एकमेकींना खाऊन टाकतात. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बहुतेक तपासण्यांत ऑपरेशननंतरच्या स्कॅनवरून हाड प्रत्यक्षात कुठे गेलं ते आधी घेतात, मग संगणकाला विचारतात की यावर त्वचा कशी बसेल. संशोधनाला हे योग्यच, कारण त्यातून फक्त त्वचेच्या गणिताची परीक्षा होते. पण रुग्णाला चित्र दाखवतात ते ऑपरेशनच्या आधी. त्याच्या वाट्याला हाडाची चूक आणि त्वचेची चूक अशा दोन्ही एकत्र येतात. मधल्या वर्षभरात वजन दोन-चार किलो इकडेतिकडे झालं तर ते वेगळंच.

शिवाय हे सगळं स्थिर चेहऱ्याचं. माणूस हसतो, बोलतो, घास चावतो. हसताना दात किती दिसतील, ओठाचा कोपरा कुठे जाईल, याचं भाकीत नुकतंच कुठे संशोधनाच्या पायरीवर आलं आहे. आणि खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ओठाला आणि हनुवटीला अनेकांना काही महिने, काहींना कायमचा, बधिरपणा राहतो. तो कुठल्याच चित्रात दिसत नाही.

गेल्या काही वर्षांत डीप लर्निंगने या चर्चेला नवं वळण दिलं. मांसाचं भौतिकशास्त्र लिहीत बसण्यापेक्षा आधीच्या रुग्णांचे आधी-नंतरचे चेहरे दाखवून संगणकालाच नियम शोधू द्यायचा. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या गटाने २०२१ मध्ये खालचा जबडा पुढे आणलेल्या रुग्णांवर हे करून दाखवलं; चेहऱ्याच्या खालच्या भागातली चूक लूव्हेनच्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी आली. ह्यूस्टनचा गट दोन्हींची सांगड घालतो आहे. आशा वाटावी असंच हे काम आहे. पण शिकणारं यंत्र जे चेहरे पाहतं त्यांच्यासारख्याच चेहऱ्यांवर चांगलं चालतं, आणि इथे आपला संबंध येतो.

चेहरा 'बरोबर' कशाला म्हणायचं याची मापंच मुळात परकी आहेत. ऑर्थोग्नॅथिक नियोजनात जगभर वापरलं जाणारं बर्स्टोन यांचं १९७८ चं विश्लेषण अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या गोऱ्या मुलांच्या नोंदींवर उभं आहे. वर्ध्याजवळच्या सावंगी (मेघे) इथल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये बर्स्टोन आणि त्यांचे सहकारी लेगन यांच्याच पद्धतीने मध्य भारतातल्या लोकांची मापं घेऊन प्रसिद्ध केली. भारतात इतरत्रही असं काम झालं आहे. आपल्याकडे ओठ थोडे भरलेले आणि पुढे असणं हे सर्वसाधारण आहे. प्रोग्रॅमने परकी मापं गृहीत धरून 'आदर्श' रेघ दाखवली तर नागपूरच्या मुलाचा चेहरा डेन्व्हरच्या मापात बसवला जातो, आणि घरचे म्हणतात, "छान झालं, पण आपल्यातला वाटत नाही."

आपल्याकडच्या केसेसही वेगळ्या. लहानपणी पडून किंवा कानाच्या जंतुसंसर्गातून जबड्याचा सांधा आखडलेली मुलं इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांना नवीन नाहीत. त्यांचा खालचा जबडा वाढतच नाही, तोंड बोटभरही उघडत नाही, झोपेत श्वास अडकतो. दुसरे दुभंगलेल्या ओठ-टाळूचे रुग्ण: वरच्या ओठावर आधीच्या शस्त्रक्रियांचा कडक व्रण, वरचा जबडा खूप मागे. इथे हाड पाच नव्हे, दहा-पंधरा मिलिमीटर सरकवायचं असतं, आणि व्रणाची कातडी निरोगी कातडीसारखी वागत नाही. सरासरीवर शिकलेले प्रोग्रॅम या रुग्णांपुढे सगळ्यात कमी भरवशाचे ठरतात. ज्यांना चित्राची खरी गरज, त्यांचंच चित्र धूसर.

पैशाचा अडसर मात्र पूर्वीइतका राहिलेला नाही. ब्राझीलचे सिसेरो मोराएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लेंडर या मोफत प्रोग्रॅमवर ऑर्थोग्नॅथिक नियोजनाची जोडणी तयार करून खुली केली. छोटा थ्रीडी प्रिंटर आता महाविद्यालयाच्या आवाक्यात आहे. संगणकापुढे बसून हे शिकणारा माणूस मिळणं हीच अडचण.

मग चित्र दाखवावं की नाही? नव्वदच्या दशकातल्या संशोधनात दिसलं की चित्र पाहिलेल्या रुग्णांच्या अपेक्षा न पाहिलेल्यांपेक्षा वाढतात. म्हणून काही सर्जन ते दाखवायचंच टाळतात. मला हे पटत नाही. चित्र न दाखवलं तरी रुग्ण मनात एक चित्र रंगवतोच, आणि ते बहुधा एखाद्या नटीचं असतं. दक्षिण कोरियात ही शस्त्रक्रिया निव्वळ देखणेपणासाठी करणारे कमी नाहीत. तिकडून आलेले आधी-नंतरचे व्हिडिओ आपल्या मुलांच्या मोबाइलवर फिरतात. त्यापेक्षा डॉक्टरांच्या पडद्यावरचं चित्र हजारपट प्रामाणिक. दाखवायची पद्धत तेवढी बदलायला हवी. नुसता खालचा जबडा मागे नेला तर काय, वरचा पुढे आणला तर काय, दोन्ही थोडे थोडे हलवले तर काय, असे पर्याय शेजारी शेजारी ठेवून बोललं तर हे साधन अतिशय कामाचं आहे, कारण तिथे प्रश्न दिशेचा असतो, मिलिमीटरचा नाही. एकच चित्र फ्रेम करून हातात दिलं की ते वचन होऊन बसतं.

तुमच्या घरात कोणी या शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यावर असेल तर सर्जनना तीन गोष्टी जरूर विचारा. स्कॅन काढताना ओठ सैल होते का? या प्रोग्रॅमची चूक फक्त ओठांपुरती किती आहे? आणि तुम्ही आधी केलेल्या रुग्णांपैकी, परवानगी दिलेल्या दोघा-चौघांचं भाकीत आणि वर्षानंतरचा फोटो शेजारी शेजारी दाखवाल का, त्यातला एक न जुळलेलाही? ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे आरशात जे दिसेल ती बहुतांशी सूज असते. ती पूर्ण ओसरायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्याआधी भाकीत चुकलं की जुळलं, याचा निकाल लावू नका.